मुखवटा आणि घर : स्पायडर-मॅनच्या दोन ॲनिमेशनपटांतील गुप्त ओळखीचा प्रश्न

मुखवटा चढवून पराक्रम करणारा आणि मुखवटा उतरवून सामान्य माणसाप्रमाणे वावरणारा नायक ही अमेरिकेतील लोकप्रिय वाङ्मयाची जुनी कल्पना आहे. १९१९ मध्ये जॉन्स्टन मॅक्कली याने निर्मिलेला झोरो हा लोकांच्या दृष्टीने एक निरुत्साही जमीनदारपुत्र होता. १९३८ मध्ये चित्रकथेत अवतरलेला सुपरमॅन क्लार्क केंट या नावाने वृत्तपत्राच्या कचेरीत भिडस्त वार्ताहर म्हणून वावरू लागला. या कथांतील गुपित मुख्यतः शत्रूपासून आणि प्रेयसीपासून राखलेले असते. झोरोचे वडील मुलाच्या निस्तेजपणाबद्दल त्याला बोल लावतात हे खरे. परंतु तो प्रसंग विनोदाच्या अंगाने जातो आणि अखेरीस रहस्य उलगडताच वडिलांची मान ताठ होते. सुपरमॅनच्या पालक मातापित्यांना तर सर्व काही ठाऊकच असते. गुपित घरात शिरून घरालाच पोखरू लागले ते १९६२ मध्ये, स्पायडर-मॅनच्या जन्माबरोबर.

त्या कथेचा नायक पीटर पार्कर हा शाळेत जाणारा मुलगा. आईबाप नाहीत, पितृतुल्य काका चोराच्या हातून मारला गेलेला, आणि त्या मृत्यूला आपलाच निष्काळजीपणा कारण झाला ही टोचणी. उरली ती वृद्ध काकू. तिच्या नाजूक प्रकृतीला हा धक्का सोसणार नाही, या कारणास्तव पीटर तिच्यापासून आपली ओळख लपवितो, आणि चित्रकथेत हे लपविणे कित्येक दशके चालते. कारण पटण्याजोगे आहे. निदान ते कथेच्या व्यवहारापुरते पुरेसे ठरले. तथापि त्यात एक सोय दडलेली आहे, ती नजरेआड करता येत नाही. काकू दुर्बल आहे असे एकदा गृहीत धरले की तिला काय सोसेल हे ठरविण्याचा अधिकार आपोआप पुतण्याकडे जातो.

हीच सोय काढून घेतली तर काय होईल, हा प्रश्न २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशनपटाने आणि त्याच्या २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या उत्तरभागाने हाताळला आहे. पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शन बॉब पर्सिकेटी, पीटर रॅम्झी व रॉडनी रॉथमन यांनी केले. येथील नायक पीटर नव्हे, तर माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा किशोर. ब्रायन मायकेल बेंडिस या लेखकाने आणि सारा पिचेली या चित्रकर्त्रीने २०११ मध्ये हे पात्र निर्माण केले. माइल्सचे वडील जेफर्सन कृष्णवर्णीय अमेरिकन, आई रिओ पोर्तो रिकोच्या वंशाची. दोघेही हयात, धडधाकट, मुलावर जीव टाकणारी. पीटरजवळ असलेली प्रकृतीची सबब माइल्सजवळ नाही. त्यात भर अशी की वडील पोलीस खात्यात आहेत आणि कायद्याच्या चौकटीबाहेर राहून परस्पर न्याय करणाऱ्या मुखवटेवाल्यांविषयी पहिल्या चित्रपटाच्या आरंभी त्यांचे मत अत्यंत प्रतिकूल आहे. मुलाने लपवावे ते नेमके बापाच्या धंद्याच्या आणि मताच्या विरुद्ध जाणारे, अशी ही मांडणी आहे.

माइल्सला कोळी चावतो त्याआधीच बापलेकांत ताण आहे, ही गोष्ट महत्त्वाची. मुलाला नव्या निवासी शाळेत करमत नाही. त्याला जुने सोबती आणि भिंतीवर रंगवायची चित्रे हवी आहेत. बापाला त्याच्या भवितव्याची काळजी. पोलिसांच्या गाडीतून शाळेच्या दारात सोडताना बाप ध्वनिवर्धकावरून, सर्व विद्यार्थ्यांच्या देखत, प्रेमाच्या शब्दाची परतफेड मागतो तेव्हा मुलाला धरणी दुभंगावी असे होते. विनोदाच्या आवरणाखाली येथे पुढच्या संपूर्ण कथेचे बीज टाकलेले आहे. बाप बोलतो आहे आणि मुलगा उत्तर देऊ शकत नाही, किंवा देऊ इच्छीत नाही. त्यानंतर अंगी आलेल्या शक्तींपैकी एक विशेष माइल्सचा एकट्याचा आहे: घाबरला की तो अदृश्य होतो. किशोरवयाचे यापेक्षा नेमके रूपक शोधून सापडणार नाही.

या सूत्राची परिणती वसतिगृहाच्या दारापाशी होते. जेफर्सनचा भाऊ ॲरन हा खलनायकाच्या पदरी असलेला प्रॉलर होता, आणि माइल्सवर हात उगारण्यास नकार दिल्यामुळे तो त्याच खलनायकाच्या गोळीला बळी पडला. ही सर्व हकीकत माइल्सला ठाऊक आहे. बापाला मात्र मृत भावाजवळून एक मुखवटाधारी पळताना दिसला. त्याने त्यालाच खुनी समजून त्याच्या शोधाचा हुकूम सोडला. तो मुखवटाधारी म्हणजे आपला मुलगा, हे त्याला माहीत नाही. त्यानंतर तो मुलाच्या खोलीबाहेर येतो आणि बंद दाराशी बोलू लागतो. आत माइल्स खुर्चीला जखडलेला, तोंडावर जाळ्याची पट्टी. सहकाऱ्यांनीच तो लढाईला अपुरा पडेल म्हणून त्याला बांधून ठेवले आहे. बापाला वाटते, मुलगा रागाने गप्प आहे. आपल्या हातून भावासारखाच मुलगाही दुरावेल, या भीतीपोटी तो आजवर न बोललेले बोलतो, आणि अखेरीस उत्तराची मागणी सोडून देतो. शाळेच्या दारातील ध्वनिवर्धकाच्या प्रसंगाचा हा प्रतिप्रसंग होय. तेथे मुलाला बोलता येत होते, पण बोलायचे नव्हते. येथे बोलायचे आहे, पण बोलता येत नाही.

रूपाच्या दृष्टीने हा प्रसंग ॲनिमेशनमध्येच इतका उठावदार का होतो, याचा विचार केला पाहिजे. स्पायडर-मॅनचा मुखवटा संपूर्ण चेहरा झाकतो. बॅटमॅनची हनुवटी दिसते, सुपरमॅनचा तर चेहराच उघडा; स्पायडर-मॅनच्या बाबतीत वय, वर्ण, भाव काहीच कळत नाही. हाडामांसाच्या नटाला हे आवरण अडचणीचे असते, म्हणून जिवंत अभिनयाच्या चित्रपटांत नायकाचा मुखवटा वारंवार फाटतो किंवा उतरतो. रेखाटलेल्या मुखवट्याचे डोळे मात्र लहानमोठे होऊ शकतात, आणि तेवढ्यावर भाव व्यक्त होतो. शिवाय पहिल्या चित्रपटात कोळी चावल्यानंतर माइल्सचे विचार चित्रकथेतील चौकटींप्रमाणे पडद्यावर छापील अक्षरांत उमटू लागतात. प्रेक्षक ते वाचतो. शेजारी उभ्या असलेल्या पात्रांना त्यांचा पत्ताही नसतो. प्रेक्षकाला असे गुपितात सामील करून घेतल्यामुळे, दाराबाहेर उभ्या असलेल्या बापाच्या अज्ञानाचा भार काही अंशी त्याच्याही मनावर येतो. गतीचाही उपयोग केलेला आहे. आरंभी माइल्सची आकृती सेकंदाला बारा वेळा बदलते, तर त्याच दृश्यातील अनुभवी पीटरची चोवीस वेळा. त्यामुळे मुलगा अडखळत असल्याचा भास होतो. दारापाशी बापाने बोललेल्या शब्दांनंतर तो स्वतःला सोडवून घेतो आणि त्याची हालचाल प्रवाही होते. बापाला आपण काय दिले याची कल्पना नसते, परंतु जे दिले ते पोचते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने गुपिताविषयीच्या आपल्या १९०६ च्या निबंधात असे प्रतिपादिले आहे की, गुपितामुळे उघड जगाच्या शेजारी एक दुसरे जग शक्य होते आणि त्या दुसऱ्या जगाचा पहिल्यावर प्रभाव पडत राहतो. किशोराच्या दृष्टीने हे दुसरे जग आवश्यकही असते. आईबापांना न कळणारे असे काही स्वतःजवळ असल्याखेरीज आपण वेगळे आहोत ही जाणीव दृढ होत नाही. म्हणून माइल्सचे लपविणे हा सरसकट दोष मानणे योग्य होणार नाही. चित्रपटकर्त्यांनीही तसे मानलेले नाही. त्यांचा रोख आहे तो लपविण्याच्या किमतीकडे, आणि ती किंमत कोण मोजतो याकडे.

२०२३ चा चित्रपट जोआकिम दोस सान्तोस, केम्प पॉवर्स आणि जस्टिन थॉम्प्सन यांनी दिग्दर्शित केला आहे. तो माइल्सपासून नव्हे, ग्वेन स्टेसीपासून सुरू होतो, ही योजना विचारपूर्वक केलेली दिसते. दुसऱ्या एका विश्वातील ग्वेन ही स्वतःच कोळीशक्तीची नायिका, आणि तिचे वडील जॉर्ज हे पोलीस कॅप्टन. तिचा मित्र पीटर हा राक्षसी रूप धारण करून तिच्याशी झालेल्या झुंजीनंतर मरण पावलेला आहे. त्याच्या खुनाचा आळ मुखवटाधारी नायिकेवर आहे आणि तिला पकडण्याचा ध्यास कॅप्टन स्टेसीने घेतला आहे. एकाच घरात राहून बाप मुलीचा शोध घेत आहे. संग्रहालयातील झुंजीनंतर तो तिच्यावर पिस्तूल रोखतो, तेव्हा ती मुखवटा काढते.

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात अभिज्ञानाचा, म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे होणाऱ्या पालटाचा, विचार करताना ते दैवविपर्यासाबरोबर घडावे हे श्रेष्ठ मानले आहे. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला येथे ‘शाकुंतल’ आणि ‘उत्तररामचरित’ सहज आठवतील. परंतु तेथे ओळख पटणे म्हणजे विरहाचा शेवट. कॅप्टन स्टेसीला मुलगी ओळखू येते, आणि तरीही तो अटकेच्या वेळी उच्चारावयाची कायदेशीर वाक्ये म्हणू लागतो. ओळख पटते आणि विरह सुरू होतो. गुपित फोडले की नाते सावरेल, या रूढ समजुतीला हा छेद आहे. ग्वेन त्या विश्वातूनच निघून जाते. तिच्या विश्वाची पार्श्वभूमी जलरंगांसारखी रंगविलेली असून ते रंग पात्रांच्या मनःस्थितीनुसार बदलतात व ओघळतात. बापलेकीच्या प्रसंगांत भिंती स्वतःचा आकारही धड टिकवीत नाहीत. पुढे ती परत येते तेव्हा बापाने नोकरी सोडल्याचे कळते. मुलीचा मुखवटा आणि आपला गणवेश यांपैकी कोणते आवरण आधी उतरावे, याचा निर्णय येथे बापाने स्वतःपुरता घेतलेला आहे, आणि संपूर्ण चित्रपटात गुपितामुळे झालेली जखम भरून येण्याचा हा एकच पुरता प्रसंग आहे.

माइल्सच्या घरी परिस्थिती याच्या उलट दिशेने बिघडत जाते. वडिलांचे आता स्पायडर-मॅनशी सख्य जुळले आहे. कामात ते त्याच्यावर विसंबतात. घरी मात्र वर्ग चुकविणारा, वेळेवर न येणारा, काही तरी दडविणारा मुलगा त्यांना दिसतो. ज्याच्यावर विश्वास आहे आणि ज्याच्यावर नाही ती एकच व्यक्ती. वडिलांच्या कॅप्टनपदावरील बढतीनिमित्तच्या समारंभालाही माइल्स उशिरा येतो, खटका उडतो, आणि त्यानंतर गच्चीवर आई त्याच्याशी बोलते. रिओला गुपित ठाऊक नाही. पण गुपित आहे हे ती जाणून आहे. आजवर आपण सांभाळलेल्या लहान मुलाचा सांभाळ यापुढे त्याने स्वतः करावा, एवढेच ती मागते. काय लपविले आहेस, असे ती विचारीत नाही. न विचारण्यातील हे मोठेपण माइल्सच्या लक्षात येते, आणि म्हणूनच तो कबुलीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन मागे फिरतो.

येथून चित्रपट अनेक विश्वांच्या पसाऱ्यात शिरतो. दोन तास वीस मिनिटांच्या या कृतीतील पाठलाग थोडे आखूड असते तर घराची कथा अधिक ठळक झाली असती. तरीही त्या पसाऱ्यातून एक कल्पना पुढे येते, ती मूळ प्रश्नाला येऊन भिडते. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना अटळ आहेत आणि जवळच्या एका पोलीस कॅप्टनचा मृत्यू ही त्यांपैकी एक, असे मिगेल ओहारा हा या मंडळाचा नेता बजावतो. माइल्सचे वडील लवकरच कॅप्टन होणार आहेत. ‘आप्तांच्या रक्षणासाठी गुप्तता’ हे या वाङ्मयप्रकाराचे आद्य समर्थन. येथे ते पार उलटते. आप्ताचा मृत्यू हीच नायकपदाची अट ठरते, आणि हे गुपित माइल्सपासून त्याच्याच सहकाऱ्यांनी राखलेले असते. आईबापांशी तो जसा वागला तसेच इतर त्याच्याशी वागले आहेत.

माइल्स तेथून निसटतो, आणि घरी पोचून आईला सर्व सांगून टाकतो. कबुली पूर्ण होते. ऐकणारी रिओ मात्र स्पायडर-मॅन कोण असे विचारते. यंत्राने त्याला भलत्याच विश्वात आणून सोडले आहे. तेथे स्पायडर-मॅन कधी झालाच नाही, वडील वारले आहेत, आणि त्या घरचा माइल्स प्रॉलर बनला आहे. इतक्या सायासाने उच्चारलेले सत्य एका परक्या आईच्या पदरात पडते. खऱ्या आईला ते कळणे बाकीच आहे, आणि २०२३ चा चित्रपट तेथेच थांबतो. उत्तरभागाची सोय म्हणून हा शेवट अनेकांना अपुरा वाटला. कबुलीला योग्य वेळेइतकाच योग्य श्रोता लागतो, ही गोष्ट मात्र त्यामुळे ठसठशीतपणे समोर येते.

मराठी अभ्यासकाला या चित्रपटाशी जोडणारे दुवे दोन. एक म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेले ‘मुंबॅटन’ हे नगर आणि तेथील पवित्र प्रभाकर हा नायक. याच नगरात माइल्स गायत्रीचे वडील इन्स्पेक्टर सिंग यांना वाचवून तो अटळ म्हटला गेलेला नियम मोडतो. गुपिताच्या छायेतील हा तिसरा पोलीस-पिता. दुसरा दुवा भाषेचा. भारतात हा चित्रपट ज्या भाषांत प्रदर्शित झाला त्यांत मराठीही होती, आणि मराठी संवादलेखकापुढे येथे एक असा प्रश्न उभा राहतो जो इंग्रजी लेखकापुढे नव्हताच. इंग्रजीत एकच सर्वनाम सर्वांना पुरते. मराठीत मुलगा वडिलांना घरी ‘तू’ म्हणत असेल, तर मुखवट्यातून पोलीस अधिकाऱ्याशी बोलताना त्याला ‘तुम्ही’ म्हणावे लागेल. आणि एखाद्या क्षणी जिभेवर घरचा ‘तू’ आला, तर आवाज कितीही बदललेला असला तरी बापाचे कान टवकारतील.