परसातला आंबा मोहरत का नाही? गैरसमज आणि वस्तुस्थिती

परसात लावलेले आंब्याचे झाड हिरवेगार असते, दरवर्षी वाढते आणि तरीही पौष सरला तरी त्यावर मोहोराचा एक तुरा दिसत नाही. अशा झाडाला ‘वांझ’ ठरवून ते तोडायची भाषा लवकर सुरू होते. प्रत्यक्षात दोष बहुधा झाडात नसतो. त्याचे वय, त्याच्या काडीची पक्वता आणि त्याला मिळणारे पाणी यांत कारण दडलेले असते.

वयाबद्दलची अपेक्षाच अनेकदा चुकीची असते. कलम तीन-चार वर्षांत मोहरू शकते, कोयीपासून वाढवलेले झाड मात्र सहा ते दहा वर्षेही घेते. त्यात हापूसच्या कोयीतून हापूसच येईल अशीही खात्री नसते, कारण तिच्यातला अंकुर परागसंकरातून आलेला असतो. कलम लावूनही फसगत होते. जोडाच्या खालून, म्हणजे मूळ रायवळ खुंटावर, फुटलेला धुमारा जोमाने वाढतो आणि वरची हापूसची काडी दबून मरते. घरच्यांच्या लेखी झाड कलमाचेच असते, उभे मात्र रायवळ असते. म्हणून जोडाखालचे फुटवे दिसताच काढून टाकावे लागतात.

सर्वांत रुजलेला आणि सर्वांत नुकसान करणारा गैरसमज म्हणजे ‘फुले येत नाहीत तर खतपाणी वाढवा’. मोहोर काडीच्या शेंड्यावरच्या डोळ्यातून येतो आणि तो डोळा पालवीचा होणार की मोहोराचा, हे पावसाळा संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत ठरते. त्या वेळी काडी काही महिन्यांची, पक्व झालेली हवी, जमीन सुकत जायला हवी आणि रात्री थंड व्हायला हव्यात. कोकणात ऑक्टोबरभर पाऊस लांबला की झाड पुन्हा पालवते आणि मोहोर पुढे जातो, तो याचमुळे. परसात हा लांबलेला पाऊस माणूसच पाडतो. मोरीचे पाणी आळ्यात सोडलेले असते, वर युरियाची मूठ पडते आणि झाड वाढतच राहते. काडी पक्व झाली का, हे हातानेही कळते. कोवळे तांबूस पान मुठीत दाबले तर नुसते चुरगळते. पक्व पान गडद, चिवट असते आणि दाबताच कडकन मोडते. नोव्हेंबरात शेंड्याला तांबूस पालवी लोंबत असेल, तर त्या फांदीकडून लवकर मोहोराची आशा नाही.

लिंबाच्या बाबतीत हीच गोष्ट बागायतदार पिढ्यानुपिढ्या जाणून आहेत. आंबिया बहारासाठी ते पाणी तोडून झाडाला ताण देतात. हलक्या जमिनीत साधारण महिनाभराचा ताण पुरतो, भारी जमिनीत तो दोन महिन्यांपर्यंतही जातो. पाने फिकी पडून काही गळू लागली की आळे चाळून, खत देऊन आधी हलके आंबवणीचे पाणी देतात आणि मग चिंबवणीचे. त्यानंतर काही आठवड्यांत नवी फूट आणि तिच्याबरोबर कळ्या येतात. रोज तांब्याभर पाणी मिळणाऱ्या अंगणातल्या लिंबाला हा विसावा कधी मिळतच नाही. नव्या, लहान झाडाला मात्र ताण देऊ नये.

गेल्या वर्षी लदलेले झाड यंदा कोरे राहिले की दृष्ट लागल्याचे किंवा रोग पडल्याचे सांगितले जाते. हापूस मुळात वर्षाआड फळणारा आहे. भरघोस फळांवर साठा खर्च झाला की काढणीनंतर पुरेशी नवी पालवी येत नाही आणि पुढच्या हंगामाला मोहरणारी काडीच उरत नाही. दरवर्षी फळ हवे असेल, तर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१मध्ये दिलेला ‘रत्ना’ लावावा. तो नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आला आहे.

छाटणीने फुले येतात, हे पेरूसाठी खरे आहे, कारण पेरू नव्या फुटीवर फुलतो. आंब्याची हीच छाटणी ऑक्टोबरात केली, तर मोहोराचे शेंडेच कापले जातात. त्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच व्हावी. इमारतींच्या सावलीत कोंडलेल्या झाडाला तर कोणताही उपाय पुरत नाही. त्याला ऊनच हवे.

खोडात खिळे ठोकणे, कुऱ्हाडीचे घाव घालणे हे उपाय अजूनही होतात. गंजलेल्या खिळ्यातून झाडाला लोह मिळत नाही. घावाने क्वचित मोहोर येतो त्यामागे कारण आहे: साल तुटल्याने पानांनी बनवलेले अन्न मुळांकडे न जाता वरच साठते. पण उघड्या जखमेतून भिरूड शिरतो, बुरशी वाढते आणि झाडच गमावायची वेळ येते.

कल्टार या नावाने मिळणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोलकडेही लोक वळतात. ते झाडातील जिबरेलिन रोखून वाढ आवरते, मात्र ते जुलै-ऑगस्टमध्ये, मोठ्या आणि सशक्त झाडाला, ठरलेल्या मात्रेतच द्यायचे असते. डिसेंबरात घाईने ओतलेले औषध त्या हंगामात कामाला येत नाही आणि जमिनीत दीर्घकाळ राहते. परसातल्या एकुलत्या झाडासाठी त्याच्या वाटेला जाण्याआधी दसऱ्याच्या सुमारास मोरीचे पाणी दुसरीकडे वळवून पाहावे.