सागाला पुरून उरणारा सांगाडा

सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. यवतमाळच्या जंगलातला हा साग दारासाठी उत्तम; पण त्यावर नक्षी कोरणाऱ्या यंत्राची धार तो झपाट्याने खातो. कमी पैशांत घरीच असा संगणकाने चालणारा सीएनसी राऊटर बांधायचा, तर पहिला विचार या लाकडाचा करायला हवा.

यंत्राचा मेंदू आता महाग राहिलेला नाही. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं, तेव्हा त्याचा व्हॅक्यूम ट्यूबचा नियंत्रक कपाटंच्या कपाटं अडवून बसे. आज तळहाताएवढा आर्डुइनो आणि जीआरबीएल ही मोफत प्रणाली तेच काम करते. स्टेपर मोटर सहसा एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा बॉलस्क्रू जोडला, की एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचं. सुतारकामाला हे भरपूर झालं.

मग नक्षीत लाटा का उमटतात? सांगाडा वाकतो म्हणून.

दोन धारांचं कापणारं बिट मिनिटाला १२,००० फेरे घेत २,४०० मिलिमीटर पुढे सरकलं, तर प्रत्येक धार ०.१ मिलिमीटरचा छिलका काढते. सांगाडा थरथरला की चालवणारा वेग उतरवतो. मग छिलक्याऐवजी भुकटी पडते, धार कापायची सोडून घासू लागते आणि तापते. सागात असं बिट फार टिकत नाही.

बिट फिरवणारा स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या तुळईची, म्हणजे गॅन्ट्रीची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच दाबाखाली बाक आठपट होतो. त्यामुळे मोठ्या टेबलाचा मोह आवरलेला बरा. अनेक हौशी यंत्रांत अ‍ॅल्युमिनियमचे प्रोफाइल वापरतात, पण पोलाद त्याच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. शिवाय विदर्भातला उन्हाळा! तापमान ३० अंशांनी वाढलं, तर एक मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.७ मिलिमीटर लांबतं, पोलाद जेमतेम ०.३६. अ‍ॅल्युमिनियमच्या तुळईवर स्पिंडल सरकवणारी पोलादी रेल घट्ट आवळली असेल, तर हा फरक तुळईलाच बाक आणतो.

पोलादी चौकोनी पाईप तर गेट-ग्रील बनवणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळतो. प्रिंटएनसी या खुल्या आराखड्यात असेच पाईप थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या भागांनी आणि नट-बोल्टांनी जोडतात. वेल्डिंगचा सांगाडा थंड होताना पीळ खातो. बोल्टचा सांगाडा सोडून, पातळ पत्र्याची पट्टी सरकवून पुन्हा काटकोनात आणता येतो. बजेट कमी असणाऱ्याला हीच सोय मोलाची.

अशी यंत्रं गावात घडू शकतात, याला पुणे जिल्ह्यातलं पाबळ साक्षीला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. करता करता शिकायचं, ही त्याची रीत. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये तिथेच उभी राहिली.

यंत्र तयार झालं, की टेबलावर डायल गेज लावायचा, त्याचं टोक स्पिंडलला टेकवायचं आणि स्पिंडल हाताने दाबायचा. काटा हलला तर गेज आधी गॅन्ट्रीला, मग बाजूच्या खांबांना लावून पाहायचं. जो भाग सर्वाधिक हलतो, पुढचा पाईप त्याच्यासाठी आणायचा.