नैसर्गिक शर्करांचा विन्यास : 'डी' आणि 'एल' या संज्ञांचा नेमका अर्थ

निसर्गातील बहुतेक शर्करा 'डी' श्रेणीतील आहेत, असे पदवी स्तरावर शिकविले जाते. मात्र 'डी' म्हणजे दक्षिणवलनी, अर्थात ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविणारी शर्करा, असा अर्थ लावून विद्यार्थी उत्तरे लिहितात आणि क्वचित ती बरोबरही धरली जातात. प्रस्तुत लेखात या दोन संकल्पनांमधील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्लुकोजच्या सरळ साखळीत चार असममित कार्बन अणू असल्याने अशा रचनेची १६ त्रिमितीय रूपे संभवतात. आठ 'डी', आठ 'एल'. श्रेणी ठरते ती केवळ अल्डिहाइड गटापासून सर्वांत दूरच्या असममित कार्बनवरून. फिशर प्रक्षेपसूत्रात त्यावरील हायड्रॉक्सिल गट उजवीकडे असल्यास 'डी', डावीकडे असल्यास 'एल'. प्रकाशाचे वलन हा मात्र संपूर्ण रेणूचा परिणाम असून तो ध्रुवणमापीने मोजावा लागतो.

डी-ग्लुकोजचे विशिष्ट वलन सुमारे +५२.७ अंश, तर डी-फ्रुक्टोजचे सुमारे –९२ अंश आहे. श्रेणी एकच, वलन विरुद्ध! सुक्रोजचे (+६६.५) जलीय अपघटन झाल्यावर या दोन्ही शर्करा समप्रमाणात मिळतात आणि मिश्रण वामवलनी होते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की साखर कारखान्यात 'पोल' घटतो, त्यामागे मुख्यतः हेच विपर्ययण असते. याउलट, बाभूळवर्गीय वृक्षांच्या डिंकातील अरॅबिनोज 'एल' श्रेणीतील, तरीही दक्षिणवलनी आहे. वर्गात प्रथम हेच उदाहरण द्यावे. 'एल' शर्करा निसर्गात नसतात हा समजही त्याने दूर होतो.

या गोंधळाचे मूळ इतिहासात आहे. एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये ग्लुकोजचा सापेक्ष विन्यास निश्चित केला. परंतु दोन प्रतिबिंबरूपांपैकी खरे कोणते, हे ठरविण्याचे साधन तेव्हा नव्हते. त्यांनी एक रूप गृहीत धरले. पुढे लहान लिपीतील 'डी' व 'एल' ही अक्षरे वलनासाठी आणि विन्यासासाठीही वापरली गेली. रोझानॉफ यांनी १९०६ मध्ये ग्लिसराल्डिहाइड हे विन्यासाचे प्रमाण सुचविले. फिशर यांचे गृहीतक योग्य होते, हे बेव्हूट व सहकाऱ्यांच्या क्ष-किरण अभ्यासातून १९५१ मध्ये सिद्ध झाले.

सजीवांना हा विन्यास अचूक ओळखता येतो. एल-ग्लुकोज चवीला गोड असले, तरी हेक्सोकायनेज हे विकर त्यावर क्रिया करीत नाही. त्यामुळे शरीराला त्यापासून ऊर्जा मिळत नाही.