मुलाच्या मनातील गोष्टींची गुप्तता व शिक्षकांचे कर्तव्य

शरीरावरील जखम वैद्याच्या डोळ्यांना दिसते. मनाचे दुखणे मात्र दुखणाइताने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावाचून कळत नाही. आणि आपले बोलणे दुसऱ्या कानी जाणार नाही अशी खात्री पटल्याशिवाय कोणी मन मोकळे करीत नाही. म्हणून मानसोपचाराच्या व्यवसायात गुप्तता हा केवळ सौजन्याचा भाग नसून ते उपचाराचे पहिले साधन होय. एखादे मूल अकस्मात अबोल झाले, अभ्यासात मागे पडले किंवा वारंवार गैरहजर राहू लागले, तर ते बहुधा प्रथम शिक्षकाच्याच नजरेस येते. त्यामुळे ह्या साधनाचा उपयोग कसा होतो व त्यास मर्यादा कोणत्या, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

समुपदेशकाची पद्धती

जाणता समुपदेशक पहिल्याच भेटीत दोन गोष्टी स्पष्ट करतो. येथे सांगितलेले येथेच राहील, ही पहिली; आणि कोणत्या प्रसंगी ते बाहेर सांगणे भाग पडेल, ही दुसरी. दुसरी गोष्ट आधीच सांगितलेली असल्यामुळे पुढे विश्वासघात झाला असे कोणास वाटत नाही. बोलणे बंद खोलीत होते. टिपणे कुलुपात ठेवली जातात व त्यांत उपचारास आवश्यक तेवढाच मजकूर लिहिला जातो. दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावयाचा झाल्यास शक्यतो नाव व ओळखीच्या खुणा गाळून घेतात.

मूल अज्ञान असेल तर उपचारास पालकांची संमती लागते. तथापि मुलाचा प्रत्येक शब्द पालकांस कळविला जातो असे नव्हे. मुलाच्या हितासाठी पालकांनी काय करावे ते त्यांस सांगितले जाते. मूल कोणावर रागावले, कशास भ्याले, ह्याचा तपशील सहसा मुलास विचारूनच पुढे नेला जातो.

कायद्याचा आधार

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस आपले आरोग्य, उपचार व शारीरिक देखभाल ह्यांविषयीची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. अशा व्यक्तीचे छायाचित्र अथवा माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांस देऊ नये, असे कलम २४ सांगते.

हा हक्क अमर्याद नाही. उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञास माहिती देता येते. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांस देता येते. कोणाच्या जीवितास धोका असल्यास तो टाळण्यापुरती देता येते. आणि सक्षम न्यायालयाचा आदेश झाल्यास द्यावी लागते. ‘टाळण्यापुरती’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. धोका आहे म्हणून सारी कहाणी गावभर करण्याची मुभा मिळते असे मुळीच नाही.

ह्या अपवादामागे कटू अनुभव आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने एका तरुणीस ठार मारण्याचा हेतू आपल्या मानसशास्त्रज्ञास सांगितला होता. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांस कळविले. परंतु त्या तरुणीस अथवा तिच्या घरच्यांस कोणीच सावध केले नाही, आणि १९६९ साली तिचा खून झाला. अशा प्रसंगी धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी योग्य ती काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरविले.

मौन जेथे अपराध ठरते

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावयास हवा. त्याच्या कलम १९ अन्वये असा अपराध घडल्याचे ज्यास कळते, त्याने तो स्थानिक पोलिसांस अथवा विशेष बाल पोलीस पथकास कळविलाच पाहिजे. मग तो डॉक्टर असो, समुपदेशक असो वा शिक्षक असो. न कळविणे हा कलम २१ प्रमाणे शिक्षेस पात्र अपराध आहे. ‘शाळेची अब्रू जाईल’ हे मौनाचे कारण होऊ शकत नाही.

परंतु पोलिसांस कळविणे निराळे व चारचौघांत बोलणे निराळे. पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब वा शाळा ह्यांवरून त्याची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास हाच अधिनियम मनाई करतो. आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ ही मनाई संपर्काच्या अन्य साधनांसही लागू करते. शिक्षकांच्या मोबाइलवरील गटात टाकलेला संदेश निरुपद्रवी समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

राजुऱ्यासारख्या भागातील अडचणी

२०१९ साली राजुरा येथील एका खासगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले व त्याची चर्चा साऱ्या राज्यात झाली. अशा प्रसंगी मोठ्या शहरात नाव झाकले म्हणजे ओळख झाकली जाते. लहान गावात तसे होत नाही. गुडा, इयत्ता व वडिलांचा धंदा एवढे सांगितले तरी पंचक्रोशीस मूल कोणाचे ते कळते, आणि त्या मुलीस शाळेत परत येणे अशक्य होऊन बसते. म्हणून येथे नावाबरोबर खुणाही झाकावयास हव्यात.

दुसरी अडचण भाषेची. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामी ह्या भाषाही ह्या परिसरात बोलल्या जातात. मूल घरच्या भाषेतच मन मोकळे करते. मग दुभाषी म्हणून वर्गातील थोरल्या मुलास किंवा शेजाऱ्यास बसविण्याचा मोह होतो. तो टाळावा. दुभाषी प्रौढ, मुलाच्या नात्याबाहेरचा व मुलास मान्य असा असावा, आणि गुप्ततेचा नियम त्यासही आधी समजावून द्यावा.

शिक्षकांनी पाळावयाचे नियम

१. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलास कधीही देऊ नये. ‘तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन, आणि सांगण्यापूर्वी तुला कळवीन’ असे म्हणावे. हे वचन पाळता येते.

२. मूल बोलत असता शांतपणे ऐकावे. खोदून खोदून विचारू नये; तपास करणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

३. डॉक्टरांकडे पाठविताना चिठ्ठी बंद पाकिटात द्यावी व तीत प्रत्यक्ष पाहिलेलेच लिहावे. ‘दिवाळीनंतर वीस दिवस गैरहजर, मधल्या सुट्टीत जेवत नाही, एकटी बसते’ हे लिहिणे योग्य, ‘डोके फिरले आहे’ हे लिहिणे अयोग्य.

४. हजेरीपटावर, प्रगतिपुस्तकात अथवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अशा गोष्टींचा उल्लेख करू नये. पालकसभेत किंवा इतर मुलांदेखत त्यांविषयी बोलू नये.

५. मूल उपचार घेऊन आल्यावर ‘तेथे काय विचारले?’ असे विचारू नये. नेहमीप्रमाणे वर्गात सामावून घ्यावे.

६. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर त्यास एकटे न सोडता पालकांस व डॉक्टरांस त्याच दिवशी कळवावे. मात्र त्रास घरातूनच होत असल्याचा संशय असेल, तर संशयित व्यक्तीस सुगावा न लागू देता १०९८ ह्या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांस कळवावे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

सारांश असा की, कोणास सांगावयाचे व किती सांगावयाचे, ह्या दोन प्रश्नांचे उत्तर प्रत्येक वेळी मुलाच्या हितावरून ठरवावे. ज्यास उपाय करता येतो त्यास अवश्य सांगावे, उपायापुरतेच सांगावे. आणि ज्यास केवळ ऐकण्याचे कुतूहल आहे, तो सहकारी असो वा गावातील वजनदार गृहस्थ असो, त्यास काहीही सांगू नये. एका मुलाची गोष्ट राखली गेली, हे इतर मुलांच्याही ध्यानात येते. आणि उद्या संकटात सापडलेले दुसरे मूल त्याच शिक्षकाकडे येण्याचे धैर्य करते.