इग्निशन कॉइलची परीक्षा

मोटारसायकलच्या बॅटरीतील 12 व्होल्टांचा दाब स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पाडण्यास सर्वथा अपुरा असल्यामुळे, मायकेल फॅरडे यांनी 1831 साली प्रकाशात आणलेल्या विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वान्वये तो दाब कित्येक सहस्र व्होल्टांपर्यंत चढविण्याची कामगिरी इग्निशन कॉइलकडे सोपविलेली असते. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे प्राथमिक वेटोळे आणि अतिसूक्ष्म तारेच्या हजारो वेढ्यांचे द्वितीयक वेटोळे, एवढीच तिची रचना.

तपासणीपूर्वी इंजिन निवू द्यावे, कारण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसमागे सुमारे 0.4 टक्के वाढतो आणि तापलेल्या कॉइलचे आकडे पुस्तिकेशी जुळत नाहीत. मग तारा सोडवून प्राथमिकाच्या दोन्ही टोकांस मल्टिमीटर लावावा: जुन्या कॉन्टॅक्ट पॉइंटच्या पद्धतीत बहुधा 3 ते 5 ओहम, तर सीडीआय पद्धतीत पुष्कळदा 1 ओहमहूनही कमी रोध आढळतो. इतक्या अल्प मोजमापातून मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करणे अगत्याचे आहे. या एका गफलतीपायी निर्दोष कॉइली बाद ठराव्यात, हे मला फार खटकते. द्वितीयकाचा रोध काही हजार ओहम असतो. तो प्लगची टोपी काढूनच मोजावा, कारण टोपीतच पुष्कळदा 5,000 ओहमचा रोधक बसविलेला असतो. आकडाच न उमटल्यास तार तुटली असे खुशाल समजावे.

मात्र मीटर अत्यल्प दाबावर मोजमाप करीत असल्याने, उच्च दाबाखाली वा उष्णतेने दगा देणारे विद्युत्‌रोधन त्याच्या नजरेस येत नाही; आकडे बिनचूक असूनही तापल्यावर ठिणगी नाहीशी होत असेल, तर त्याच जातीची दुसरी, खात्रीची कॉइल बसवून पाहावी.