पहिलं उड्डाण जमिनीवर ठरतं

रिमोटची उजवी स्टिक उजवीकडे ढकलली की विमानाच्या उजव्या पंखाची मागची हलती पट्टी, म्हणजे एलेरॉन, वर उठली पाहिजे आणि डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. इतकी साधी गोष्ट, पण घरी बांधलेली कितीतरी मॉडेल विमानं पहिल्याच उड्डाणात कोसळतात ती हे उलटं जोडलं गेल्यामुळे. तपासणारा पट्टी हलते का एवढंच पाहतो. कुठल्या दिशेला हलते, हे पाहायचं राहून जातं. मग विमान जमीन सोडतं, झुळकेनं जरा डावीकडे कलतं, उडवणारा उजवी स्टिक देतो, विमान आणखी डावीकडे कलतं, तो घाबरून आणखी देतो. सगळं दोन-तीन सेकंदांत संपतं. म्हणून ही तपासणी विमानाच्या मागे उभं राहून, शेपटीकडून नाकाकडे बघत करावी. समोर उभं राहिलं की उजवं-डावं हमखास फसवतं. स्टिक आपल्याकडे ओढली की शेपटीची आडवी पट्टी, म्हणजे एलेव्हेटर, वर; रडर उजवीकडे दिला की उभी पट्टी उजवीकडे. आणि हे सारं प्रॉपेलर काढून ठेवून. विजेची मोटर अचानक सुरू झाली तर बोटं वाचवायला सवड मिळत नाही.

नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला हौशी मंडळी ‘मेडन’ म्हणतात. त्या दिवशी मित्र जमतात, मोबाइल सरसावतात, आणि उडवणाऱ्यावर काहीतरी करून दाखवायचं दडपण येतं. माझ्या मते ते अगदी बाजूला ठेवावं. त्या दिवशी आपण विमानाला प्रश्न विचारायला जातो आणि त्यातले मोठे प्रश्न मैदानावर जाण्याआधीच विचारून झालेले असले पाहिजेत.

त्यात सगळ्यात मोठा प्रश्न तोलाचा. विमानाचं सगळं वजन जिथे तोललं जातं त्या गुरुत्वमध्याला मैदानावर सरसकट ‘सीजी’ म्हणतात. सरळ पंखाच्या शिकाऊ विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के अंतरावर ठेवतात. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर. बॅटरी आत बसवून, पंखाखाली त्या रेषेवर दोन बोटं टेकवून विमान उचलायचं. ते सपाट किंवा नाक किंचित खाली राहिलं तर ठीक.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का? झुळकेनं नाक वर उचललं की पंख आणि शेपूट दोन्हींवरचा उचलणारा जोर वाढतो. या वाढीव जोराचा जो मध्य असतो, त्याच्या पुढे सीजी असेल तर तो जोर मागची बाजू उचलतो, नाक खाली येतं आणि विमान आपलं आपण सावरतं. सीजी त्या मध्याच्या मागे गेला की तोच जोर नाक आणखी वर लोटतो. तिथून पुढे माणसाच्या हाताला विमान सावरणं जवळपास अशक्य. नाक जड असलेलं विमान सुस्त असतं, उतरताना जास्त वेग मागतं, पण ते परत आणता येतं. त्यामुळे पहिल्या दिवशी शंका असेल तर सीजी थोडा पुढेच ठेवावा. बांधणाऱ्यानं शेपटीवर गोंद आणि रंग जपून वापरावा तोही याचसाठी. शेपूट सीजीपासून लांब असते, नाक जवळ. मागचं अंतर पुढच्याच्या तिप्पट असेल तर शेपटीतल्या १० ग्रॅमच्या भरपाईला नाकात ३० ग्रॅम शिसं भरावं लागतं.

विमानानं आपलं आपण सावरण्यावाचून एके काळी तर पर्यायच नव्हता. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कालामाझू इथे ‘गफ’ नावाचं मॉडेल रेडिओच्या इशाऱ्यावर उडवलं. या छंदाच्या आरंभीच्या विमानांतलं ते एक. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्या काळच्या रेडिओतून पट्टी हवी तेवढीच हलवणं शक्य नव्हतं, ठोकळ इशारेच जात. विमानाला बहुतांश वेळ स्वतःच सरळ उडावं लागे. आता उलट झालंय. रिसीव्हरमधला जायरो क्षणाक्षणाला पट्ट्या हलवून विमान सावरतो आणि बांधणीतला दोष झाकून टाकतो. सरावलेल्या हातानं पहिल्या उड्डाणात जायरो बंदच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. ठेवायचाच असेल तर त्याचीही दिशा तपासावी: हातात धरून उजवा पंख खाली केला की उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे.

मैदानावर सिग्नलची चाचणी घ्यावी. ट्रान्समीटरला, म्हणजे रिमोटला, कमी शक्तीवर टाकून दूर चालत जायचं आणि पट्ट्या न थरथरता हलतात का ते पाहायचं. ट्रान्समीटर क्षणभर बंद केला की मोटर थांबली पाहिजे. मुंबई-पुण्यात विमानतळ शहरातच असल्यामुळे मोकळं मैदान मिळालं म्हणजे झालं, असं नसतं. हवाई हद्दीच्या सरकारी नकाशात ती जागा कुठल्या रंगाच्या पट्ट्यात येते ते आधी बघावं. वेळ सकाळची, ऊन तापून हवा उसळू लागण्याआधीची.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उभं करून थ्रॉटल हळूहळू वाढवायचा. प्रॉपेलर मागून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरतो. त्याची गोल फिरणारी हवा उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते आणि नाक डावीकडे ओढलं जातं. थोडा उजवा रडर तयार हवा. पुरेशी उंची आली की थ्रॉटल कमी करून ट्रिम: स्टिक सोडून बघायचं, विमान कुठे कलतं, आणि तेवढंच उलट बटण दाबायचं. सोबत एक माणूस असावा. नजर विमानावरून न हटवता त्याला बटण दाबायला सांगता येतं.

वळताना दोन सापळे असतात. ६० अंश कललेल्या सपाट वळणात पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो आणि ज्या वेगाखाली विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांचा जोर सुटून पडतं, तो वेग १.४ पट होतो. दुसरं, वारा पाठीशी असला की जमिनीवरून विमान वेगात दिसतं, उडवणारा थ्रॉटल ओढतो, पण हवेतला वेग तोवर पुरेसा राहिलेला नसतो. म्हणून खाली येण्याआधी उंचावरच थ्रॉटल कमी करून, नाक हळूहळू वर धरून विमान मुद्दाम स्टॉल करून बघावं. ते किती हळू उडू शकतं आणि आधी कोणता पंख टाकतं, हे उतरताना माहीत असलेलं बरं. चार-पाच मिनिटांत उतरावं, बॅटरी संपायची वाट पाहू नये.

उतरल्यावर मोटर आणि बॅटरी किती तापली ते बघायचं, सैल झालेले स्क्रू आवळायचे. हवेत दिलेला ट्रिम पट्ट्या हलवणाऱ्या सर्व्होच्या दांड्यांची लांबी बदलून कायम करायचा आणि बटणं मध्यावर आणायची. पुढच्या उड्डाणात सीजीची खरी परीक्षा: चांगल्या उंचीवरून ४५ अंशांत नाक खाली करून एलेव्हेटर सोडून द्यायचा. विमान झटकन वर उसळलं तर नाक जड आहे. आणखी खाली वळू लागलं तर शेपूट जड, लगेच हातानं सावरून उतरवायचं. अलगद सरळ होत आलं तर तोल जमला. बॅटरी एका वेळी काही मिलिमीटरच सरकवत न्यावी आणि जागा ठरली की आतल्या फळीवर पेनानं रेघ मारून ठेवावी.