रायगडची सहल व जगदीश्वराचा शिलालेख

सहलींचे दिवस आले की महाड तालुक्यातील रायगडावर शाळांची रीघ लागते. मुले गड चढतात, जयघोष करतात, शिदोरी सोडतात आणि सायंकाळी हिरकणीची गोष्ट तेवढी बरोबर घेऊन परततात. गोष्ट गोड आहे. परंतु ती लोककथा होय. राजधानीचा लेखी पुरावा त्याच गडावर दगडात कोरलेला असताना वर्गच्या वर्ग त्याच्यावरून पुढे निघून जावेत, ही खेदाची बाब आहे.

जगदीश्वराच्या देवळाच्या भिंतीत हा संस्कृत शिलालेख आहे. त्यात शके १५९६ हे वर्ष अंकांनी नव्हे, शब्दांनी सांगितले आहे. शकात ७८ मिळविले की इ. स. १६७४ येते. शिवाजी महाराजांस ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तेच हे वर्ष. ही बेरीज मुलांकडून तेथेच करवून घ्यावी. गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजीने येथे काय काय उभारले, त्याची यादीच लेखात दिली आहे: विहिरी, तळी, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, राजवाडे.

ही यादी निघण्यापूर्वी फळ्यावर लिहून द्यावी आणि यांपैकी काय सापडले, काय सापडले नाही, हे विद्यार्थ्यांनी वहीत टिपावे. गंगासागर तलाव दिसेल. बाजारपेठेच्या दोन रांगांची जोती दिसतील. स्वारास घोड्यावरूनच खरेदी करता यावी म्हणून ती उंच बांधली, असे वाटाडे सांगतात. मुलांनी टेप लावून उंची मोजावी व हे कितपत संभवते ते आपसांत बोलावे. राजवाडे मात्र जोत्यांपुरतेच उरले आहेत. ‘वाडे कोठे गेले?’ असे एखादे मूल विचारीलच. हा प्रश्न टाळू नये. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या व मोठी आग लागली. लाकूड जळाले, दगड राहिला. पायाखालच्या जोत्यावरून नाहीसे झालेले दालन मनात उभे करणे, हे काम पाठ्यपुस्तकातील चित्राने होत नाही.

देवळाच्या एका पायरीवर, आपण सेवेस तत्पर आहो असे सांगणारी हिरोजीची ओळ कोरलेली आहे. मोठा लेख संस्कृतात, ही ओळ मात्र साध्या मराठीत. अडखळत का होईना, मुलास ती स्वतः वाचता येते. येथे घाई करू नये. एवढा गड बांधणाऱ्याने आपले नाव पायरीवर का घातले असेल, हे मुलांनाच विचारावे. उत्तरे ऐकण्याजोगी असतात.

१९९६ पासून रोपवेची सोय आहे. अशक्त मुलांस ती उपयोगी. पण तिने गेल्यास महादरवाजा चुकतो, म्हणून इतरांनी पायऱ्यांनीच चढावे. टकमक टोकाकडे वाऱ्याचा जोर असतो. तेथे मुलांस लहान गटांनी, शिक्षकासह न्यावे.